मेंढ्यांचा संकर : सांगोला-मंगळवेढ्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात चहाला थांबलं की तासाभरात तीन-चार जण तरी गाठतातच, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "कुठला एडका (पैदाशीचा नर) लावू?" माझी स्वतःची साठेक मेंढरं आहेत. वडिलांच्या काळात सगळी काळी होती, आता निम्मी ठिपक्यांची. मधल्या पंधरा वर्षांत काही प्रयोग जमले, काही अंगाशी आले. तीच ती उत्तरं फोनवर देऊन घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

संकर म्हणजे नेमकं काय? आमची मेंढरं तशीही सरमिसळच आहेत.

सरमिसळ वेगळी आणि संकर वेगळा. यात्रेत, वाटेवर, शेजारच्या वाड्यातला एडका घुसला आणि मेंढी फळली, ही सरमिसळ. बाप कोण ते ठाऊक नाही. संकरात दोन वेगळ्या जातींचे नर-मादी ठरवून जुळवतात आणि होणारं कोकरू कशासाठी वापरायचं हेही आधीच ठरलेलं असतं. कटाईला विकायचं, की मादी ठेवून कळप वाढवायचा? एडका बघायला निघण्याआधी या एका प्रश्नाचं उत्तर घरी देऊन निघा. तिथंच निम्मे लोक चुकतात.

आपली काळी दख्खनी मेंढी एवढी वाईट आहे का, की बदलायलाच हवी?

अजिबात नाही. जून कोरडा गेला, माळ करपला, बारा-पंधरा किलोमीटर चालावं लागलं तरी उभी राहणारी मेंढी दख्खनीच. आपल्या जिल्ह्यात पावसाचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी ही जात शेकडो वर्षं चाळणीतून गाळून निघाली आहे. सोलापुरी किंवा सांगोला हा तिचाच एक उपप्रकार मानतात. लोणंद, संगमनेरी आणि कोल्हापुरी हे बाकीचे.

तिच्या मर्यादाही माहीत असाव्यात. मोठी मेंढी साधारण २५ ते ३० किलोची. वेताला एकच कोकरू, जुळं क्वचित. वाढ सावकाश. पूर्वी लोकर, खत आणि कोकरू अशा तिन्ही वाटांनी पैसा यायचा तेव्हा हे चालून जायचं. आता जवळपास सगळा पैसा मटणाचा, म्हणजे कोकराचा. मेंढीमागे वर्षाला किती कोकरं तीन महिन्यांची होऊन उभी राहिली आणि त्यांचं एकूण वजन किती भरलं, एवढे दोन आकडे मी बघतो. एडक्याची उंची, कानाची लांबी, नाकाचा बाक हे सगळं त्यानंतर.

आणखी एक. दख्खनीतच निवड केली तरी बरंच साधतं. आपण करतो उलटं. सगळ्यात दणकट नर कोकरू ईदच्या आधी चांगला भाव आला म्हणून जातं आणि मागं राहिलेलं खुरटं कळपाचा बाप होतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर जात उतरणारच. त्यात जातीचा दोष नाही.

माडग्याळ एडका लावला तर कोकरं मोठी होतात, हे खरं का?

खरं आहे. माडग्याळ हे जत तालुक्यातलं गाव, त्यावरूनच जातीचं नाव पडलं. सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांतही ही मेंढी आता चांगलीच रुजली आहे. अंगानं उंच, पांढऱ्यावर तांबूस-तपकिरी ठिपके, पोपटासारखं बाकदार नाक, लांब कान, लोकर नसल्यात जमा. दख्खनीवर माडग्याळ नर लावला की कोकरू जन्मतःच वजनदार असतं आणि वाढही उचलतं. हवामान तेच, चरायची सवय तीच, त्यामुळे परदेशी जातीसारखे नखरे नाहीत. पहिल्यांदा संकर करणाऱ्याला मी हाच सुचवतो.

पण माझा अनुभव ऐका. एका बाजारातून व्यापाऱ्यानं "अस्सल" म्हणून दिलेला एडका मी आणला होता. जून महिना होता आणि मी उतावीळ. सगळ्या मेंढ्यांत सोडला, पहिल्यांदाच फळणाऱ्या बारीक अंगाच्या पोरीसुद्धा वेगळ्या काढल्या नाहीत. नोव्हेंबरात विण्याचा हंगाम आला आणि पाच पहिलटकरणी अडल्या. एकीचं कोकरू पुढचे दोन पाय आणि नाकाचा शेंडा बाहेर काढून अर्धा तास तसंच अडकलं. माझ्या आईनं हाताला गोडेतेल लावून, कळ आली की खालच्या बाजूला ओढत ओढत ते काढलं. ते जगलं. बाकी चारांतली दोन कोकरं आणि दोन मेंढ्या गेल्या. एडका वाईट नव्हता. लहान मेंढीला मोठा नर लावणारा मी चुकलो होतो. तेव्हापासून पहिल्या वेताला आमच्याकडं दख्खनीच नर, दुसऱ्या वेतापासून माडग्याळ.

दुसरी गोष्ट दुधाची. कोकरू मोठं म्हणजे भूक मोठी, आणि दूध आईच्या कासेएवढंच. आईला काही घालणार नसाल तर जन्माच्या वेळी मिळालेला फायदा दीड महिन्यात उडून जातो.

तो लाखोंचा एडका घेतला तर?

२०२० मध्ये आटपाडी तालुक्यातल्या एका माडग्याळ एडक्याला सत्तर लाखांची मागणी आल्याच्या बातम्या आल्या, त्यानंतर हा प्रश्न थांबेचना. हौसेला मोल नसतं. पण मटणाच्या काट्यावर नाकाच्या बाकाचं वजन होत नाही. कळपासाठी एडका घेताना आपण त्याच्या कोकरांची किंमत मोजत असतो, त्याच्या फोटोची नव्हे.

जुळी देणारी मेंढी म्हणतात ती कुठली? खरंच दरवेळी जुळी होतात का?

सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहेत, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पश्चिम बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची इवलीशी मेंढी आहे. अंगानं १० ते १५ किलो, पण दोन-तीन कोकरं सहज देते. तिच्या रक्तात एक जनुक आहे, त्याला 'फेक-बी' म्हणतात. अंडाशयातून एका वेळी एकापेक्षा जास्त बीजं सुटतात ती त्याच्यामुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालची मेंढरं जहाजातून ऑस्ट्रेलियात गेली. तिथल्या 'बुरूला' मेरिनोत हाच गुण उतरलेला आढळला. नेमका कुठल्या जनुकातल्या बदलामुळे हे होतं ते २००१ साली उघड झालं आणि तेव्हापासून रक्ताच्या नमुन्यावरून तपासणी करता येऊ लागली.

आपल्या फलटणला, म्हणजे सांगोल्याहून गाडीनं सकाळी निघून दुपारी परत येता येईल एवढ्या अंतरावर, निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९०च्या दशकात गरोळ आणून दख्खनीशी संकर केला. पुढे कर्नाटकातली बन्नूर जातही त्यात आली. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तपासण्या करत गरोळचं जुळ्यांचं जनुक ठेवलं, तिचा बारकेपणा मात्र मागं टाकला. त्यातून तयार झालेली मेंढी म्हणजे 'नारी सुवर्णा'. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनंही गरोळ, मालपुरा आणि पाटणवाडी अशा तीन जातींतून 'अविशान' तयार केली, तिच्यातही हाच गुण आहे.

आता हिशेब. ज्या नरात हे जनुक दोन्ही बाजूंनी आहे, म्हणजे आईकडूनही आलं आणि बापाकडूनही, त्याची सगळी कोकरं हा गुण घेऊन जन्मतात. ज्याच्यात एकाच बाजूचं आहे, त्याच्या साधारण निम्म्याच कोकरांत तो उतरतो. दोन्ही एडके दिसायला एकसारखे. म्हणून नुसतं "नारी सुवर्णा आहे" या शब्दावर जाऊ नका, तपासणीचा कागद मागा. "हा जुळ्यातला आहे" एवढ्यावरही भुलू नका.

आणि मुख्य मुद्दा: नर बदलल्यावर *तुमच्या* मेंढ्यांना त्या वर्षी जुळी होत नाहीत. बीजं किती सुटायची ते मेंढीच्या अंगात ठरतं, एडक्याच्या नाही. या एडक्यापासून झालेल्या पोरी मोठ्या होऊन व्यायला लागतील तेव्हा फरक दिसेल, म्हणजे किमान दोन वर्षं. दरवर्षी कुणीतरी सहा महिन्यांत फोन करतो, "दादा, फसलो, सगळ्यांना एकेकच झालं." फसला नाहीत, तुम्हाला घाई झाली आहे.

एक बाजूचं जनुक असलेली मेंढी वेताला सरासरी दीडाच्या आसपास कोकरं देते, म्हणजे काहींना एक, काहींना दोन. तिळं झालं तर आनंदाऐवजी काळजी करा. आपल्या माळावर तिसरं कोकरू क्वचितच जगतं.

पहिल्या पिढीत एक नर फार देखणा झालाय. तोच पुढं एडका म्हणून ठेवला तर?

ठेवू नका. मोह मलाही होतो.

दोन दूरच्या जाती एकत्र आल्या की पहिल्या पिढीत जोम येतो. कोकरू चिवट, वाढ चांगली. पण त्या संकरित नराला संकरित मादीशीच लावलं की पुढच्या पिढीत हा जोम जवळपास निम्म्यावर येतो आणि कोकरं एकसारखी निघत नाहीत. एक आजोबासारखं, एक आजीसारखं, एक कुणासारखंच नाही. बाजारात एकसारख्या दहा कोकरांना जो दर मिळतो तो दहा रंगांच्या दहा कोकरांना मिळत नाही.

त्यात पुन्हा घरचाच नर म्हणजे आई, बहिणी आणि मावशा त्याच कळपात. बापाला लेक लावली की होणाऱ्या कोकरात नात्याचा दोष २५ टक्के, सावत्र भावंडांत साडेबारा. कोकरं अशक्त निपजतात, मेंढ्या उलटतात (गाभ न धरता पुन्हा माजावर येतात), जबडा वाकडा असे प्रकार दिसायला लागतात आणि आपण दोष देतो हवेला. देखणा नर चांगल्या भावात कटाईला विका, किंवा लांबच्या पाहुण्याशी अदलाबदल करा.

नारी सुवर्णा, अविशान अशा बऱ्याच पिढ्या निवड करून स्थिर केलेल्या जातींना हा नियम तसाच्या तसा लागू होत नाही. त्यांचे नर नर म्हणून वापरता येतात. नात्यातलं टाळायचं, एवढं मात्र तिथंही आहेच.

मग दर पिढीला माडग्याळच लावत गेलो तर?

पहिल्या पिढीत ५० टक्के, दुसऱ्या ७५, तिसऱ्या साडेसत्त्याऐंशी. चौथ्या-पाचव्या पिढीत कळप जवळपास माडग्याळच झाला. चारापाणी असेल तर करा. कोरडवाहूत माझं मत ७५ वर थांबावं असं आहे. त्यापुढं काळीचा काटकपणा उरत नाही.

डॉर्पर कसा आहे? व्हिडिओत फार दाखवतात.

दक्षिण आफ्रिकेत १९३०च्या दशकात डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या तोंडाची पर्शियन मेंढी यांच्या संकरातून ही जात तयार झाली. मटणाला उत्तम. इकडे जे "डॉर्पर" म्हणून विकलं जातं त्यात बऱ्याचदा दोन-तीन पिढ्यांपूर्वीचा एखादा पूर्वज डॉर्पर असतो. किंमत मात्र पूर्ण लावतात. बंदिस्त पाळणाऱ्यानं, आणि तेही नोंदी बघूनच, विचार करावा. आपल्या फिरत्या कळपात मी तो अजून तरी आणणार नाही.

संकरानं लोकर सुधारते का?

एके काळी सगळा जोर यावरच होता. मेरिनो, रॅम्बुले, डॉर्सेट असे परदेशी नर सरकारी प्रक्षेत्रांवर आणि विद्यापीठांत वापरून पाहिले गेले. तलम लोकर थंड मुलखातल्या मेंढीला शोभते, इथं उन्हानं आणि कुसळांनी तिचे हाल झाले. आज कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही अशी गत आहे. माडग्याळचा कळप वाढला त्यात कातरायची कटकट नाही हेही एक कारण आहे, कुणी बोलून दाखवत नाही एवढंच.

तरी एक सांगतो. घोंगडीला जाड, काळी, दख्खनी लोकरच लागते. संकरित मेंढीच्या भुरकट केसांची घोंगडी होत नाही. आमच्या घरात पाच-सहा पक्क्या काळ्या मेंढ्या त्यासाठीच ठेवल्यात. दिवाळीत हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेला जाताना खांद्यावर घरच्या लोकरीची घोंगडी असावी, असा वडिलांचा हट्ट. याचा हिशेब वहीत मांडता येत नाही.

एडका विकत घेताना काय बघू?

आधी मालकाकडं त्याची आई बघायला मागा. आई दाखवत नसेल तर भाव अर्ध्यावर आणा किंवा पुढं चला. बाजारात आई दिसत नाही, म्हणून मी एडका शक्यतो वाड्यावर जाऊन घेतो.

मग तोंड उघडा. दोन दाती म्हणजे साधारण सव्वा-दीड वर्षाचा, चार दाती म्हणजे दोनच्या पुढं. आदत, म्हणजे अजून दुधाच्या दातांचा, घेऊ नका, त्याला अजून स्वतःची वाढ करायची असते. खालचे दात वरच्या हिरडीच्या गादीला बरोबर टेकतात का पाहा. जबडा मागं-पुढं असेल तर तो खुरट्या चाऱ्यावर नीट चरू शकत नाही, आणि दोष कोकरांतही उतरतो.

नंतर वृषण. लाजायचं कारण नाही, मागून दोन्ही हातांत धरून चाचपा. दोन्ही सारखे हवेत, घट्ट हवेत, कुठं गाठ नको. एकच असेल किंवा एक वर चढलेला असेल तर फुकट दिला तरी नको. पायाची ठेवण, खुरांमधली जखम, डोळ्याच्या आतली लाली बघा. खालची पापणी ओढली की लालगुलाबी दिसायला हवी. पांढरी पडली असेल तर पोटात जंत रक्त पितायत.

शेवटी त्याला एखाद्या माजावरच्या मेंढीजवळ सोडायला सांगा. काही एडके नुसते शोभेचे असतात.

घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळा बांधा. जंताचं औषध आणि लसीकरण त्या काळात उरकून घ्या. आणि खरेदी हंगामाच्या दोन महिने आधी करा. एडक्याचं बीज तयार व्हायला जवळपास सात आठवडे लागतात. सोलापूरच्या मे महिन्यात ४२-४३ अंशात टेम्पोतून आणलेल्या, तापलेल्या एडक्याचं बीज जूनमध्ये कमकुवतच असणार. मग मेंढ्या उलटल्या की दोष एडक्याला. सावली, पाणी आणि रोज पाव किलो भरडा, एवढं त्याला मे महिन्यात द्याच.

एका एडक्यामागं किती मेंढ्या?

पंचवीस ते तीस. तरुण दोन दातीला वीसच.

एडक्याच्या छातीला काव आणि तेल कालवून लावा. ज्या मेंढीवर चढला तिच्या पाठीवर लाल डाग राहतो. दर सोळा-सतरा दिवसांनी रंग बदला, कारण मेंढी तेवढ्या दिवसांनी पुन्हा माजावर येते. लाल डागावर निळा डाग दिसला तर ती उलटली. बऱ्याच मेंढ्यांवर दोन्ही रंग दिसायला लागले तर एडका बदलायची वेळ झाली. याहून स्वस्त तपासणी जगात नाही.

मेंढ्या कधी फळवाव्यात?

गाभणकाळ पाच महिन्यांचा, १५० दिवसांच्या आसपास. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत एडका सोडला तर विणं नोव्हेंबर-डिसेंबरात पडतं. तेव्हा माळावर वाळकं का होईना गवत असतं आणि पाणी असतं. पुढं माघ-फाल्गुनात मालदांडी ज्वारीची काढणी झाली की त्या रानात मेंढरं बसवायची. खत शेतकऱ्याला, धाटं-पाला आपल्या मेंढ्यांना, आणि तोवर कोकरं चरायला शिकलेली असतात. एडका बारमाही मोकळा ठेवला तर एप्रिल-मेमध्येही कोकरं होतात आणि त्यातली किती जगतात हे तुम्हालाच ठाऊक आहे. बाकीच्या दिवसांत एडका वेगळा ठेवा. जमतच नसेल तर जुनी धनगरी युक्ती आहे, पोटाखालून फडकं बांधा.

संकरित मेंढ्यांना वेगळं काय खायला घालू?

वेगळं काही नाही, योग्य वेळी थोडं जास्त. दोन वेळा महत्त्वाच्या आहेत.

पहिली, एडका सोडण्याआधी पंधरा-वीस दिवस. प्रत्येक मेंढीला २०० ते २५० ग्रॅम भरडलेला मका किंवा ज्वारी. अंग धरत असलेली मेंढी लवकर माजावर येते, बीजंही जास्त सुटतात.

दुसरी, विण्याआधीचे शेवटचे सहा आठवडे. पोटातलं कोकरू सत्तर टक्के वाढतं ते याच काळात. जुळं असलेल्या मेंढीच्या पोटात चाऱ्याला जागा कमी आणि गरज दुप्पट. नुसत्या कडब्यावर ठेवलं तर ती अंगातली चरबी जाळायला लागते, मग सुस्त होते, कळपामागं राहते, आंधळ्यासारखी भिंतीला डोकं टेकून उभी राहते आणि चार दिवसांत आडवी. लोक याला "वारं लागलं" म्हणतात. ती उपासमार असते, तीही चारा समोर असताना. रोज २०० ग्रॅम मका-सरकी पेंडीनं हे टळतं. पेंड परवडत नसेल तर बाभळीच्या शेंगा पोत्यात भरून ठेवा, शेवरी-सुबाभळीचा पाला द्या, तुरीचा भुसा राखून ठेवा. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला बाभळीखाली पडलेल्या शेंगा आमच्याकडं पोरं वेचतात, शाळेच्या सुट्टीतला तो उद्योगच आहे.

जुळं झालं, पण मेंढी एकालाच पाजते. दुसऱ्याचं काय करू?

हा फोन रात्री दोनला येतो.

पहिलं काम: कोकरू अंगठ्यानं तोंडातून तपासा. तोंड आतून गार असेल तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या कोकराच्या पोटात जबरदस्तीनं दूध ओतलं तर ते मरतं. चुलीजवळ पोत्यात गुंडाळून ठेवा. ऊब आली की त्याच्याच आईचा चीक पिळून पाजा. पहिल्या दिवसभरात वजनाचा दहावा हिस्सा चीक पोटात जायला हवा, म्हणजे दोन किलोच्या कोकराला २०० मिली, चार-पाच वेळा करून. नाळेला आयोडीन लावा.

मग आईची समजूत. मेंढी कोकराला वासानं ओळखते. नाकारलेल्या कोकराच्या अंगाला आईची वार (विल्यावर पडणारा जार) चोळा, किंवा आईचंच दूध त्याच्या शेपटीच्या बुडाला लावा. वाघरीच्या (मेंढरं कोंडायच्या जाळीच्या) कोपऱ्यात दोन फळ्या लावून आई आणि दोन्ही कोकरं दोन-तीन दिवस कोंडून ठेवा. कळपाच्या गर्दीत दुसरं कोकरू हरवतं ते तिथंच. तरीही नाहीच घेतलं तर शेरडाचं दूध. आपल्या प्रत्येक कळपात चार-दोन शेरडं पूर्वीपासून असतात ती उगाच नाहीत.

हे काम घरातल्या बाया करतात. त्यामुळे जुळ्याची जात आणायची की नाही, हे ठरवताना त्यांना आधी विचारा. एका मावशींनी मला बाजारातच सुनावलं होतं, "एडका तुम्ही आणायचा आणि बाटली मी धरायची व्हय?"

संकरित मेंढ्या जास्त आजारी पडतात का?

माडग्याळ संकरात फारसा फरक नाही. परदेशी रक्त असेल तर नीलजिव्हा रोगाचा धोका नक्की जास्त. पावसाळा सरता सरता चिखलातली बारीक चिलटं तो पसरवतात. तोंड सुजतं, जीभ काळी-निळी पडते, मेंढी लंगडते. यावर विषाणूच्या पाच प्रकारांवर चालणारी लस निघाली आहे, पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस पाऊस पडण्याआधी मे महिन्यात, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी) आणि देवीची डॉक्टर सांगतील तेव्हा. पावसाच्या पहिल्या कोवळ्या गवतावर धष्टपुष्ट कोकरूच आधी मरतं, कारण तेच आधाशासारखं खातं. संकरित कोकरू दगावलं की लोक जातीला बोल लावतात, खरं तर लस चुकलेली असते.

जंताच्या बाबतीत गरोळ रक्त उलट उपयोगी. ती दलदलीतली मेंढी, रक्त पिणाऱ्या जंताला बऱ्यापैकी दाद देत नाही.

सरळ सांगा, नफा किती?

रुपयात सांगत नाही, भाव रोज बदलतात. वजनात मांडतो. पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा ३० मेंढ्या, त्यातल्या २६ व्याल्या. शुद्ध दख्खनी: २६ कोकरं, ३ गेली, २३ उरली, तीन महिन्यांला १२ किलोप्रमाणे २७६ किलो. माडग्याळ संकर: तेवढीच २३ कोकरं, साडेचौदा किलोप्रमाणे सुमारे ३३३ किलो. जुळ्यांच्या जातीच्या मेंढ्या आणि पुरेसा खुराक: ३९ कोकरं, ८ गेली, ३१ उरली, पण जुळी बारीक म्हणून साडेदहा किलो, म्हणजे ३२५ किलो. आणि त्याच जुळ्यांच्या मेंढ्या खुराकाशिवाय: ३९ मधली १६ गेली, उरलेली २३ साडेनऊ किलोची, एकूण २१८.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. तो साध्या दख्खनीपेक्षाही खाली आहे. वर सांगितलेल्या दोन वेळांचा खुराक मेंढीमागे साधारण ११ ते १३ किलो धान्य होतो. तो खर्च आपल्या बाजारभावानं वजा करा, मग ठरवा.

गाईसारखं इंजेक्शनवर भरता येत नाही का?

मेंढीच्या गर्भाशयाच्या तोंडाला आतून वळ्या असतात, वीर्य सोडायची कांडी आत जात नाही. गोठवलेलं वीर्य वापरायचं तर पोटाला छिद्र पाडून दुर्बिणीनं सोडावं लागतं. ते संशोधन केंद्राचं काम. आपल्याला एडकाच बरा.

सरकारी मदत मिळते का? नर कुठं मिळेल?

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आपल्याच सांगोला तालुक्यात महूदला आहे, सांगली जिल्ह्यात रांजणीला दुसरं. पैदाशीच्या नरासाठी आधी तिथं विचारा. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो, ती भटक्या जमाती-क प्रवर्गासाठी आहे. मोठा प्रकल्प करायचा असेल तर राष्ट्रीय पशुधन अभियानात ५०० मेंढ्या आणि २५ नरांच्या पैदास केंद्राला ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत भांडवली अनुदान आहे. अर्ज ऑनलाइन, मुदत बघून. गटात मिळालेल्या मेंढ्या दुसऱ्याच आठवड्यात बाजारात विकणारेही मी पाहिलेत, त्यांनी या पानावर वेळ घालवू नये.

मला लिहिता येत नाही. नोंदी कशा ठेवू?

माझे वडीलही लिहीत नव्हते, पण तीनशे मेंढरांची वंशावळ त्यांना पाठ होती. तीनशेची स्मरणशक्ती आता कुणाकडं नाही, म्हणून कानात बिल्ला मारा. माडग्याळ बापाच्या पोरींना उजवा कान, दख्खनी बापाच्या पोरींना डावा. जुळ्यात जन्मलेलीला बिल्ल्याचा रंग वेगळा. वजनासाठी ताणकाटा आणि खताच्या रिकाम्या पोत्याची झोळी पुरते. जन्माच्या दिवशी आणि तीन महिन्यांला, दोनदाच. आकडा नातवाला मोबाईलमध्ये बोलून ठेवायला सांगा.

एडका किती वर्षं ठेवायचा? नंतर काय करू?

दोन वर्षं. त्यानंतर त्याच्या पोरी माजावर यायला लागतात. चांगला असेल तर कटाईला देऊ नका, दोन-तीन गावं सोडून असलेल्या पाहुण्याच्या एडक्याशी अदलाबदल करा, दोघांचाही खर्च वाचतो. फक्त त्याच्या कानातला बिल्ला काढू नका. मी एकदा बिल्ला काढून एक एडका विकला होता. दीड वर्षानं रविवारच्या बाजारात एकानं मला तोच दाखवला, "नवीन रक्ताचा आहे, जतकडून आणलाय" म्हणून. कपाळावरच्या ठिपक्यावरून मी ओळखला. भाव मी घेतला होता त्याच्या दुप्पट सांगत होता.